बर्फ अडवणारे कुंपण

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कुंपण आहे. माझ्या आत शेत नाही, अंगण नाही, गोठाही नाही. अलास्काच्या उत्तर भागात, जिथे एकही झाड उगवत नाही अशा टुंड्रावर मी उभा आहे. आज माझे पाय पाण्यात आहेत आणि मला फार राग आला आहे. का, ते सांगतो.

माझ्या फळ्या ओरेगॉनमधल्या झाडांच्या. आधी ट्रकने, मग हेलिकॉप्टरला लोंबकळत मी २००१ च्या उन्हाळ्यात इथे आलो. मला उभे केले संध्याने. ती मूळची नागपूरची, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात संशोधक होती. तिच्याबरोबर तिची विद्यार्थिनी प्रीता होती. ती अमेरिकेतच, ट्रॉय शहरात वाढलेली. मराठी बोलता बोलता निम्म्यावर इंग्रजीत घसरायची.

इथली जमीन वर हातभर ओली आणि खाली बारा महिने दगडासारखी गोठलेली. हिवाळ्यात वारा बर्फ उडवून नेतो. माझ्या आडोशाला तो बर्फ साठावा म्हणून मला वाऱ्याच्या वाटेत रोवले. पुढे इथे जास्त बर्फ पडू लागला तर गोठलेल्या जमिनीचे काय होईल, हे त्यांना बघायचे होते.

"ताई, स्नो जास्त झाला तर ग्राउंड आणखी कोल्ड होईल ना?" प्रीताने विचारले.

"उलट गं. बर्फ म्हणजे गोधडी. वरची थंडी खाली जाऊच देत नाही. मग जमीन आतून वितळायला लागते."

"सो वी आर हर्टिंग इट?"

संध्याने सामानातून हळदकुंकू काढून माझ्या पहिल्या खांबाला लावले. इथे नारळ कुठला मिळायला? तिने सफरचंद फोडले आणि वाकून जमिनीला हात लावला.

"तीन हिवाळे सोस बाई," ती जमिनीला म्हणाली. "मग हे काढून नेऊ."

"प्रॉमिस, ताई?"

"भूमीला शब्द दिलाय. मोडेन कशी?"

मित्रांनो, तो शब्द मी ऐकला आणि त्याच्या भरवशावर कामाला लागलो.

काम मी चोख केले. हिवाळाभर वादळे अंगावर घेतली, छातीएवढा बर्फ साठवला. दर उन्हाळ्यात त्या दोघी येत आणि लोखंडी सळई जमिनीत खुपसत. ती गोठलेल्या थराला लागली की ठक् वाजे. माझ्या पुढच्या मोकळ्या जमिनीत ती लवकर वाजे. मागच्या बाजूला मात्र दरवर्षी आणखी खोल जाई. संध्या खूश होती. माझा फोटो मोठ्या परिषदेत दाखवला, असे प्रीता म्हणाली. मीही खुळ्यासारखा फुशारलो.

तीन हिवाळे झाले. मागची जमीन खचून डबकी साचली होती. "अजून एकच वर्ष," संध्या म्हणाली. "इतका छान डेटा येतोय!" पुढच्या वर्षी तो प्रकल्पच बंद पडला. मला उचलायला हेलिकॉप्टर पाठवणे कोणाला परवडले नाही. संध्या दूर प्लेनो शहरात एका कंपनीत नोकरीला लागली. कामापुरता मामा म्हणतात ना, तो मी.

मग उन्हाळे आले आणि गेले, कोणी फिरकले नाही. थांब असे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून मी बर्फ साठवतच राहिलो. डबक्यांचे तळे झाले. शेवाळ सडले, ठेंगण्या विलोची झुडपे बुडून मेली, माझे खांब कलले. पुढच्या जमिनीवर पांढरे कापूसगवत अजून डोलत होते. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, असे तुम्ही म्हणता. मला ते खायला इथे कोणी बसवले, हेही विचारा!

२००८ च्या उन्हाळ्यात हेलिकॉप्टर उतरले. आता प्रीता नव्या प्रकल्पाची प्रमुख होती आणि तिच्याबरोबर पुण्याचा सिद्धेश होता, तिचा नवा विद्यार्थी. त्याच्या हातात पाना पाहून मला वाटले, सुटलो.

"बाप रे, हे तर तळंच झालंय," सिद्धेश म्हणाला. "आपण हे काढतोय ना?"

प्रीता बूट बुडवत माझ्या पहिल्या खांबापाशी आली. कुंकू लावलेल्या जागी तिने हात ठेवला. "ताईने प्रॉमिस केलं होतं," ती हळूच म्हणाली. मग तिने हात काढून घेतला. "पण आत्ता काढलं तर सेव्हन इयर्सचं रेकॉर्ड ब्रेक होईल यार. अशी लाँग-टर्म साइट कुणाकडेच नाहीये."

"अगं, पण हे पाणी?"

"पाणी हाच तर डेटा आहे, सिद्धेश."

त्यांनी मला सरळ केले, नवे बोल्ट ठोकले, लोखंडी टेकू दिले. मग ते उडून गेले.

मित्रांनो, माझे जातभाई तुम्हाला विनवतील की जुन्या वस्तूंना टाकू नका, त्यांची डागडुजी करा. माझी तर डागडुजी झाली. मला ती नको होती. तुमच्यापैकी कोणी कधी इकडे आलात तर पाना घेऊन या आणि मला खोलून न्या. जिला शब्द दिला, ती जमीन बोलत नाही, म्हणून तिच्या वतीने मी मागतो आहे.

काल पहिला बर्फ पडला. वारा सुटला आहे, आणि मी नव्या बोल्टांनिशी ताठ उभा राहून बर्फ अडवतो आहे.