चिरेवर निळा रंग

तेलाच्या विहिरींतून निघालेलं पाणी पुन्हा जमिनीत दाबतात. त्या पाण्याचा दाब आवरणारे व्हॉल्व्ह आमच्या हैदराबादच्या कारखान्यात बनतात आणि मी ते तपासते. काल दाब चढवला तसं एका व्हॉल्व्हच्या अंगातून पाणी पाझरलं. ओतकामातच चीर होती.

"वेल्डिंग करा आणि वर निळा रंग मारा," कौस्तुभ सर म्हणाले. चीर त्यांनाही दिसली होती, म्हणूनच तर रंग मागवला.

"सर, हा फुटला तर समोरचा माणूस मरेल."

"रोशनी, तू व्हॉल्व्ह बघ. माणसं बघायला तिकडे लोक आहेत."

मी पास करत नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्याकडून पास करून घेतला आणि मला गेटबाहेर काढलं. संध्याकाळी माल निघाला. मी अमरदीपला फोन लावला. माझा धाकटा भाऊ, हा माल जिथे जातो त्याच तेलक्षेत्रावर कंत्राटी कामगार आहे.

"अमर, निळा व्हॉल्व्ह येतोय. चिरलेला आहे. साहेबाला सांग."

"मागच्या खेपेला सांगणारा घरी बसलाय, ताई."

"मग तू तरी जवळ जाऊ नक्को."

तो हसला. "अगं येडे, जवळ जाऊन दाब वाचायलाच तर ठेवलंय मला."