वटवाघळांची गदा

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, ही म्हण दक्षिण समुद्रातल्या आमच्या व्हावाऊ बेटावर चालायची नाही. इथं आत्याचं मिशांवाचून काही अडत नाही. ती बापाच्याही वरची. भावाच्या घरातल्या डुकराकडे तिनं बोट केलं की डुक्कर तिचं, चटईकडे केलं की चटई तिची, आणि भावाच्या मुलीकडे केलं की मुलगी मुकाट्यानं उठून तिच्या दारात राबायला जाते. ती मुलगी म्हणजे मी, पिसिला. वय बेचाळीस, लग्न झालं नाही, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं गाव म्हणतं. आत्यापुढे मात्र ही जीभ टाळ्याला चिकटते.

माझे बाबा, लुटुई, बंदरावरच्या कचेरीत तीस वर्षं कागदांवर शिक्के मारत होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे म्हातारे मुळ्यांचा गुंगी आणणारा काव्हा पीत बसायला लागले, आणि बाबा अंगणातल्या आंब्याखाली वाकस आणि पटाशी घेऊन बसले. जुन्या पद्धतीच्या लढाईच्या गदा कोरायच्या, हा त्यांचा नाद. आमच्या लढाया संपून दीडशे वर्षं झाली, आता गदेनं कुणाचं टाळकं फोडायचंय, असं लोक हसून विचारायचे. बाबाही हसायचे आणि पुन्हा खाली मान घालायचे. सुरूचं लाकूड, तेही गाभ्याचं. दगडासारखं कडक. त्याला आकार द्यायला चार महिने, आणि मग मुशीचा दात काठीला बांधून त्यावर नक्षी कोरायला वर्ष.

नक्षी सगळी जुनीच, नागमोडी रेघा आणि चौकटी. पण चौकटींच्या मधे कुठेतरी एक अंगठ्याएवढं वटवाघूळ असायचं, उलटं लटकलेलं. आंब्यावर दिवसभर शेकड्यांनी लटकत असायची, बाबांच्या डोक्यावर घाण करायची, तीच ही. वटवाघूळ दिसलं की गदा लुटुईची, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं.

लहानसहान गदा त्यांनी वाटून टाकल्या. शेवटची मात्र माझी, असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते. "घरातलं सगळं आत्याकडे गेलं. ही तेवढी तुझी," म्हणायचे. साडेतीन वर्षं चालली ती. मधे साखरेनं त्यांचा एक पाय गेला, मग नजर गेली. शेवटच्या दोन ओळी त्यांनी बोटांनी चाचपत कोरल्या. चव्वेचाळीस वटवाघळं होती तिच्यावर, मी मोजली होती, आणि आंधळेपणी कोरलेली डोळे असतानाच्यापेक्षा नीट उतरली होती. मला आयुष्यात फारसं कुणी काही दिलेलं नाही. ती गदा मला हवी होती, किती हवी होती ते सांगायची मला लाज वाटत नाही.

ती पुरी झाली त्या आठवड्यात आत्या भावाच्या समाचाराला आली. आत्याचं नाव लेसिएली. भाऊबहीण एका खोलीत बसत नाहीत आमच्यात, म्हणून ती बाहेरच्या खोलीत ऐसपैस बसली, बाबा आतल्या खोलीत पडद्यामागे खाटेवर, आणि मी दाराशी बसून इकडचं तिकडे पोचवत होते. आवाज दोघांनाही ऐकू येत होता. तरी मी पोचवायचंच.

बाबांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "ताईला ती गदा दाखव. नुसती दाखव. बघून ती काय म्हणते ते मला येऊन सांग." पंधरा वर्षांत आत्यानं त्यांच्या कामाबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. म्हातारपणी माणसं बायबल उघडतात, आमचा लुटुई सोटे तासतो, असं ती चर्चच्या पायरीवर उभी राहून सांगायची. बाबांना मरायच्या आधी तेवढा एक शब्द हवा होता.

"उघडीच ने," बाबा म्हणाले. "हातांवर आडवी धरून."

मी उघडी नेली नाही. आत्यानं नाक मुरडू नये म्हणून मी पेटीतली माझी सगळ्यात बारीक विणीची चटई काढली, गदा तिच्यात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. भावाच्या घरातून बहिणीपुढे चटईत गुंडाळून आलेली वस्तू म्हणजे नजराणा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण त्या घटकेला मला फक्त तिचे डोळे दिपवायचे होते. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते असं.

आत्यानं चटई उलगडली, विणीवरून बोट फिरवलं, आणि गदेला हात लावून नजराणा घेतल्यावर बोलायचे ते आभाराचे शब्द मोठ्यानं बोलून टाकले. ते शब्द बोलले गेले की वस्तू गेली. पडद्यामागे बाबा एकदा खोकले. मग म्हणाले, "ताईला सांग, गरिबाची भेट आहे, गोड मानून घे."

मी ते तिला सांगितलं. माझ्याच तोंडानं. आत्यानं गदेकडे नीट बघितलं आणि एवढंच म्हणाली, "लाकूड चांगलंय." हा तिचा एक शब्द. बाबांना मी जाऊन सांगितलं की ती म्हणाली, काम फार सुंदर झालंय. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. गदा कशी गेली, माझ्यामुळे गेली, त्याबद्दल त्यांनी मला चकार शब्द विचारला नाही. तेही मला लागलं.

तिसऱ्या दिवशी आत्यानं बोलावणं धाडलं. अंगणात तिचा मुलगा माका विजेची करवत घेऊन उभा होता आणि फळीवर गदा आडवी ठेवली होती.

"धर गं ते टोक," आत्या म्हणाली. "हलू देऊ नको. माझ्या थाप्या सगळ्या फुटल्यात. असा गाभा आता मिळतोय कुठं? चार तरी निघतील."

सालीचं कापड ठोकायच्या थाप्या. झाडाची साल भिजवून ओंडक्यावर ठेवायची आणि सुरूच्या चौकोनी थापीनं ठोकून ठोकून पातळ करायची, हे आमच्या बायकांचं रोजचं काम. मी विचारलं, एवढंच विचारलं, की आत्या, भिंतीवर नाही का लावायची.

"भिंतीवर लावून काय तिची आरती करू? आणि हातात घेऊन फिरले तर शेजारीण पोलीस बोलावेल." माका हसला. ती नाही हसली. "तुझ्या बापाचे दिवस भरत आलेत, पिसिला. त्याच्याखाली अंथरायला मऊ कापड नको? सोट्यावर निजवणारेस त्याला?"

मी टोक धरलं. करवतीची दोन पाती मोडली, तिसऱ्यानं काम झालं. रुंद डोक्यातून दोन आणि दांड्यातून दोन. प्रत्येकीच्या तीन बाजू माकानं रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि एक बाजू नक्षीची तशीच ठेवली, कारण साल पसरायला आधी खाचांची बाजू लागतेच. मुठीचा तुकडा उरला, त्यावर सात वटवाघळं होती. तो आत्यानं दुपारी अळूची पानं भाजायच्या भट्टीत टाकला. जेवायला मला थांबवून घेतलं आणि मी जेवले. पानं चांगली शिजली होती.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, कुठे ठेवलीय तिनं? मी सांगितलं, समोरच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा तोच विषय. कोण आलं होतं, काय म्हणालं. मी रोज एकेक माणूस रचून सांगायचे. पाद्री आले होते, थक्क झाले. सरपंच आले होते, वटवाघळं मोजत बसले. बाबा ऐकायचे आणि खाटेच्या कडेवर बोटानं नक्षी गिरवायचे.

आणि दिवसा मी आत्याच्या पडवीत बसून त्यांच्याच गदेनं साल ठोकायचे. दोन घरं पलीकडे. आवाज सगळ्या गल्लीत जातो.

आठवडाभरानं बाबा म्हणाले, "ताईकडे नवी थापी आलीय का गं? आवाज वेगळा येतो. घट्ट गाभ्याचा आहे. पोकळ नाही जरासुद्धा."

मी म्हटलं, माकानं आणलीय कुठूनशी. तिथं विषय संपला असता. मी मरेपर्यंत खोटं बोलायला तयार होते, हे देवाशपथ सांगते. पण त्या दिवशी माझे हात फोडांनी भरले होते, मी त्यांचा पाय धूत होते, आणि त्यांना गदेची आठवण झाली.

"बरं झालं तिच्याकडे गेली," बाबा म्हणाले. "आधी मला वाईट वाटलं होतं. पण विचार केला, तुझ्याकडे राहून काय झालं असतं? ना नवरा, ना पोर. कोण येतं तुझ्या दारात बघायला? तुझ्यामागे ती सरपणातच गेली असती."

ते रागानं बोलले नाहीत. हवापाण्याचं बोलावं तसं बोलले. मी त्यांचा पाय पुसला, फडकं पिळलं, वाळत घातलं, आणि मग म्हटलं, "सरपणातच गेली, बाबा."

"काय?"

"मूठ भट्टीत गेली. बाकीच्याच्या चार थाप्या केल्या. तुम्ही आवाज ऐकताय ना, ती तीच आहे. मीच ठोकतेय."

मला वाटलं ते ओरडतील. मला तेच हवं होतं. आत्याला नाही तर निदान मला, कुणाला तरी शिव्या द्याव्यात. त्यांनी कारागिरानं विचारावं तसं विचारलं, "नक्षी तासली?"

"एका बाजूची ठेवलीय."

"कापड कुणासाठी आहे?"

मी पुन्हा त्यांचा पाय पुसायला घेतला. त्यांना कळलं.

"मग एक कर," ते म्हणाले. "आधी नक्षीच्या बाजूनं ठोकता आणि मग गुळगुळीत बाजूनं ते ठसे मोडता, हो ना? एका कोपऱ्यात मोडू नको. वीतभरच सोड. कुणाला दिसायचं नाही. मला हाताला लागलं म्हणजे झालं."

पाय धुतलेलं पाणी मी बाहेर नेऊन ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कापडाचा शेवटचा पट्टा ठोकायला बसले. नक्षीच्या बाजूनं ठोकलं तेव्हा सालीत वटवाघळं उठली, ओल्या सालीवर एकेकाचे पंख दिसत होते. कोपरा माझ्या गुडघ्यापाशीच होता. आत्या आत झोपली होती, मला बघायला कुणी नव्हतं. वीतभर जागा सोडायची म्हणजे काहीच करायचं नव्हतं, नुसतं थांबायचं होतं. कोण येतं तुझ्या दारात बघायला, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी थापी उलटी केली आणि गुळगुळीत बाजूनं कोपऱ्यापर्यंत ठोकत गेले. मग पुन्हा एकदा सगळ्यावरून. त्या दिवशी माझा हात जेवढा जोरात चालला तेवढा कधीच चालला नव्हता. बाबा तो आवाज ऐकत पडलेत हे मला माहीत होतं.

कापड वाळलं आणि रिवाजाप्रमाणे आत्यानं ते भावाकडे धाडलं. बाबांनी मला ते खाटेवर पसरायला सांगितलं. मी पसरलं. त्यांनी एका कडेपासून सुरुवात केली. आधी तळवा फिरवला, मग फक्त बोटं. पहिला कोपरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यापाशी त्यांना दम लागला, तर थांबले, पाणी मागितलं, प्यायले आणि पुढे गेले. चौथ्या कोपऱ्यावर त्यांची बोटं खूप वेळ होती. मग त्यांना वाटलं असावं की मी मधे कुठेतरी सोडलं असेल. म्हणून त्यांनी मधलं सगळं चाचपलं, वीत वीत करत. मी भिंतीला टेकून बघत होते. अजूनही सांगता आलं असतं, उद्या नवा पट्टा जोडते म्हणून.

"छान झालंय," शेवटी बाबा म्हणाले. "अगदी गुळगुळीत. हात चांगलाय तुझा."

पाचव्या दिवशी ते गेले. गावात ठोकणं बंद झालं, सुतकात थाप्यांचा आवाज करत नाहीत. त्यांना त्या कापडावर निजवलं. आत्या उशाशी बसली, तो मान तिचाच, आणि तिनं कात्री मागून माझे कमरेपर्यंतचे केस मानेपाशी कापले, मेलेल्याच्या मुलीचे कापतात तसे. कापताना ती हमसून रडत होती. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्याकडे तो उरलाच नव्हता.

सुतक फिटल्यावर वाटणी झाली. आत्यानं चांगल्या चटया ठेवून घेतल्या आणि चारांतली एक थापी माझ्या हातात दिली. "तू ठोकतेस चांगलं," म्हणाली. तिच्यावर नऊ वटवाघळं आहेत. त्यांतली चार आंधळेपणीची, ती मी ओळखते.

आता मी कुठलंही कापड केलं की एका कोपऱ्यात वीतभर जागा तशीच सोडते. आत्या म्हणते, आळशी झालीस. बाकीच्या बायका हसतात. मी कारण सांगत नाही. मागितली होती तेव्हा दिली नाही.