चाक तुटलं म्हणून जन्म संपत नाही

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची बॅग आहे. अंगभर ओरखडे आहेत, एक कोपरा चेपला आहे, पण भंगारात जायला मी अजून तयार नाही.

कारखान्यात माझे लाड कोणी केले नाहीत. मला दगडांनी भरून उंचावरून आपटलं, पाण्याखाली धरलं, चेन हजारदा उघडली आणि लावली. मी टिकले, तेव्हा कुठे माझ्या अंगावर 'आजन्म हमी' असा शिक्का बसला. मी जरा फुशारलेच.

मला घेतलं पायवाल्या ताईंनी. अपघातात पाय गमावलेल्यांना त्या कृत्रिम पाय बसवून देतात. ते पाय माझ्यातूनच गावोगाव जातात. एकदा स्टेशनवर हमालाने विचारलं, "ताई, काय भरलंय एवढं?" "पाय," ताई म्हणाल्या. त्याने मला असं अलगद खाली ठेवलं, की तशी माया मला पुन्हा मिळाली नाही.

पुढे एका जिन्यावर माझं चाक तुटलं. संध्याकाळी गाडी होती. माझ्या पोटात एका मुलीचा पाय होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शिवणकामाच्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. तिथल्या मालकाने बजावलं होतं, स्वतःच्या पायांनी चालत येता आलं तरच ये.

ताईंनी मला दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. "हमी आहे हिची."

दुकानदार हसला. "अहो ताई, आजन्म म्हणजे बॅगेचा जन्म, तुमचा नव्हे. चाक तुटलं, तिचा जन्म संपला."

"असं म्हणता? मग माझ्या पेशंटांच्या घरी येऊन हेच सांगा. कुबडी फेकून मारतील."

दुकानदार जरा वरमला. "बरं, कारखान्यात पाठवतो. महिना तरी जाईल."

"गाडी संध्याकाळी आहे."

"मग नवी घ्या. सवलतीत देतो."

"हमी जुनीची दिलीत ना?" ताई खुर्ची ओढून बसल्या. गिऱ्हाइकं येऊन कान टवकारू लागली.

"आता काय, उपोषण करणार?"

"छे हो. चहा चालेल."

चहा आला. ताईंनी तो सावकाश प्यायला. दुकानदाराने एकदा गिऱ्हाइकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्याने काचेतली नवी बॅग उलटी केली आणि तिचं चाक काढून मला बसवलं. ते किंचित मोठं होतं. तेव्हापासून मी थोडी लंगडत चालते.

सकाळी त्या मुलीला पाय बसला. उभी राहताच ती घाबरली. धरायला भिंत लांब होती. ताईंनी माझी दांडी तिच्या हातात दिली. "धर हिला. हिलाही कालच नवा पाय बसवलाय."

आम्ही दोघी लंगडत दारापर्यंत गेलो. दारात तिने मला सोडलं, आणि पुढचा रस्ता ती एकटी चालली.

मित्रांनो, बॅग घेताना रंग नंतर बघा. आधी विचारा, हमी कोणत्या मोडतोडीची, दुरुस्ती कुठे होणार, किती दिवसांत होणार. आम्हाला जिन्यावरून आपटत नेऊ नका. आणि एवढं करूनही चाक तुटलंच, तर माळ्यावर टाकून मोकळे होऊ नका. हमी मागायला जा, आणि ती हातात पडल्याशिवाय दुकानातून उठू नका.