चारशे चौदा चक्रवाक

“चारशे चौदा,” भूमितीसर फोनवर म्हणाले. “चक्रवाक. धरणाची उत्तरेकडची भिंत, सकाळी साडेसहा ते सात. लिहिलंत?”

“लिहिलं. चारशे पंधरावा कुठे झुडपात बसला नव्हता ना, सर?”

“बसला असता तर सांगितला असता,” सर म्हणाले, दोनदा खोकले आणि फोन ठेवला.

ऑपरेटरबाई हसल्या. सव्वीस वर्षं हा माणूस दर गुरुवारी फोन करत होता आणि सव्वीस वर्षं त्याला विनोद म्हणून कळत नव्हता. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शाळेत भूमिती शिकवायचे, एवढंच ठाऊक. पण आकडा असा नेमका की काळ्या दगडावरची रेघ. बाकीचे ‘साधारण दोनेकशे’ म्हणायचे. सर दोनशे सात म्हणायचे.

बाईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला यंत्र लावून परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे, हेच काम. पक्ष्यांशी त्यांचा संबंध आला तोही फोनमुळेच. पक्षी मोजणाऱ्या मंडळींना एक आवाज हवा होता. पाऊस सरला की उत्तरेकडून पाहुणे पक्षी उतरू लागतात. कुठे काय उतरलं ते लोकांनी गुरुवारी दुपारी बाईंच्या घरी फोन करून सांगायचं. बाईंनी शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता ते फोनला जोडलेल्या टेपच्या यंत्रावर वाचून ठेवायचं. मग आठवडाभर ज्याला हवं त्याने तो नंबर फिरवावा आणि ऐकावं. ‘नमस्कार. या आठवड्याचे पाहुणे.’ थंडी पडेपर्यंत हे चालायचं. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगा जहाजावर लागला, पण शुक्रवारचे सात काही चुकले नाहीत.

गंमत म्हणजे बाईंना पक्षी ओळखता येत नव्हते. कावळा, चिमणी, पोपट, संपलं. चक्रवाक नारिंगी असतो हे त्यांना शेकडो लोकांनी सांगितलं होतं, पण समोर येऊन उभा राहिला असता तर बाईंनी त्याला कोंबडी म्हणून हाकललं असतं. धरणसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं. गुडघ्यांनी तेवढं चालू दिलं नाही. पण कुठला पाहुणा कुठल्या आठवड्यात येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. सून म्हणायची, “आई, तुम्ही म्हणजे लग्नाला न जाता सगळा आहेर सांगणाऱ्या आत्याबाई आहात.”

आता हेही संपणार होतं. लोक हल्ली मोबाइलवर फोटो टाकतात, तासाभरात सगळ्यांना कळतं. मंडळाने ठरवलं, लाइन बंद. उद्याचा शुक्रवार शेवटचा आणि परवा दुपारी वायरमन येऊन लाइन काढून नेणार. बाईंनी ठीक आहे म्हटलं होतं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे त्यांनी फोनवर सगळी यादी मंडळाच्या चिटणिसांना वाचून दाखवली. चिटणीस म्हणजे दातांचे डॉक्टर. तोंडात कापूस भरलेल्या पेशंटशी बोलायची सवय, त्यामुळे समोरच्याला बोलू देणं त्यांना जमायचं नाही. पण चारशे चौदा चक्रवाक ऐकले आणि डॉक्टरांनी चक्क प्रश्न विचारला.

“कुठे म्हणालात?”

“धरणाच्या उत्तर भिंतीला. यंदा धरणाची ही पहिलीच नोंद.”

“बाई, धरण दोन महिन्यांपूर्वी रिकामं केलंय. भिंतीची दुरुस्ती चाललीय. तिथे पाणी नाही, चिखल नाही, डंपर फिरतायत. चक्रवाक काय डंपरवर बसले होते?”

बाईंनी वहीतला आकडा पुन्हा पाहिला. “सर चुकतील कसे?”

“चुकले नाहीत. ठोकून दिलंय! मला गेली दोन-तीन वर्षं शंका होतीच. त्यांना कुणी बघितलंय का धरणावर? एकानेही नाही. काढून टाका त्यांचं नाव. सगळ्या वर्षांच्या सगळ्या नोंदी काढा. खोटं बोलणाऱ्याचं खरं तरी कसं धरायचं?”

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. सुनेने विचारलं तेव्हा म्हणाल्या, “माझी वही इतकी वर्षं स्वच्छ होती गं. शेवटच्या दिवशी त्यात खोटं वाचू? की त्या माणसाच्या साऱ्या जन्माची मोजणी फाडून टाकू?”

“त्यांनाच विचारा की.”

“फोनवर? फोनवर माणूस काहीही सांगतो. मी चाळीस वर्षं ऐकलंय.”

“मग उठा सकाळी. स्कूटर कशाला आहे?”

शुक्रवारी सकाळी सुनेने सासूला स्कूटरवर मागे बसवलं. बाईंच्या पिशवीत तीन वर्षांच्या वह्या होत्या. सभासदांच्या यादीतल्या पत्त्यावर एक जुनी तीन मजली इमारत निघाली. बाई कठड्याला धरून दुसरा मजला चढल्या. दार एका पन्नाशीच्या बाईने उघडलं, सरांची मुलगी. कोण आलंय हे कळल्यावर ती इतकी खूश झाली की बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अगंबाई! तुम्ही? या ना. बाबा दर शुक्रवारी तुमच्यासाठी कान टवकारून असतात. पडून तरी दुसरं काय करणार?”

“पडून?”

“तीन वर्षं झाली. आई गेली आणि दोन महिन्यांतच बाबा जिन्यावरून पडले. कंबर गेली ती गेलीच.”

बाई तिथेच चपला काढता काढता थांबल्या. आई गेली, हे शब्द त्यांच्या कानात वाजत राहिले. सरांच्या फोनवर मागून एक बाईमाणूस आकडे सांगायचं, हे त्यांना आत्ता आठवलं. ‘सात नाही हो, आठ, आठवा पाण्यात होता.’ सर मग फोनवर आठ म्हणायचे. तो आवाज तीन वर्षं नव्हता. चाळीस वर्षं आवाजावर पोट भरलेल्या बाईंना तो नाहीसा झाल्याचं कळलंसुद्धा नव्हतं.

आतल्या खोलीत सर पलंगावर होते. त्यांच्या आवाजावरून बाईंनी उंचपुरा माणूस कल्पिला होता. हे तर एवढेसे, स्वेटरमध्ये बुडालेले. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. उशाशी फोन आणि निळ्या पुठ्ठ्याच्या डायऱ्यांची चळत.

“ऑपरेटरबाई,” सर म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, ओळखलंच. “तुम्ही आलात म्हणजे काहीतरी चुकलंय.”

“धरण रिकामं आहे, सर. दोन महिने झाले.”

सरांनी डोळे मिटले. “मला कुणी सांगितलंच नाही.”

सून दारात उभी होती, ती हळूच सरांच्या मुलीला घेऊन बाहेर गेली. सरांनी वरची डायरी बाईंच्या हातात दिली. बारीक, गोल, बायकी अक्षर. एकवीस वर्षांपूर्वीचा हाच आठवडा. उत्तर भिंत, साडेसहा ते सात, चक्रवाक चारशे चौदा. खाली लिहिलं होतं: ‘ह्यांना थंडी वाजत होती, तरी थांबले.’

“मोजायची ती,” सर म्हणाले. “मला साधं दुर्बिणीतून धड दिसायचं नाही, चष्म्यामुळे. मी थर्मास धरायचो. तिला फोनवर बोलायचा संकोच, म्हणून फोन मी करायचो. शुक्रवारी सात वाजता आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसायचो. तुम्ही म्हणायचात, ‘पाहणारे, भूमितीसर.’ मी म्हणायचो, पुढच्या वेळी तुझं नाव सांगतो. ती म्हणायची, राहू द्या हो, पक्ष्यांना कुठे फरक पडतोय. तेवीस वर्षं मी पुढच्या वेळीच म्हणत राहिलो.”

“मग त्या गेल्यावर तरी सांगायचंत, सर.”

“काय सांगणार? आता फोन करायचा नाही, असं एका गुरुवारी ठरवलं होतं. दोन वाजले, तीन वाजले. वाटलं, आज नोंद गेली नाही तर ती आजच गेली. मग डायरी उघडली.” त्यांनी डायऱ्यांच्या चळतीवर हात ठेवला. “मी आयुष्यभर पोरांना सिद्धतेशिवाय मार्क दिले नाहीत, बाई. आणि हे केलं. लाज वाटते.”

बाईंना रागवायचं होतं. निघताना सगळं ठरवून निघाल्या होत्या. पण रडू आलं आणि त्यांनी ते खुशाल येऊ दिलं. मग नाक पुसलं, पिशवीतून तीन वह्या काढल्या आणि पलंगाच्या कडेला ठेवल्या.

“तीन वर्षांचं जाणार, सर. ते मी ठेवू शकत नाही.”

“खोडा,” सर म्हणाले. “माझ्या समोर खोडा. आणि पट्टी लावून.”

त्यांनी उशीखालून लाकडी पट्टी काढून दिली. बाई एकेक नोंद शोधत गेल्या, लाल रेघ मारत गेल्या. एकतीस रेघा झाल्या. सर मान उचलून प्रत्येक रेघ बघत होते. एक जराशी तिरकी गेली तर म्हणाले, “हं.”

घरी परत येताना सून स्कूटरवरून ओरडून म्हणाली, “आई, डॉक्टर काय म्हणतील?”

“दात काढायला सांग त्यांना!” बाई मागून ओरडल्या.

सात वाजता त्यांनी यंत्रासमोर खुर्ची घेतली. सुनेने पंखा बंद केला, बाहेरचं दार लावलं. बाईंनी एक घोट पाणी घेतलं, लाल बटण दाबलं आणि एक्स्चेंजच्या त्या जुन्या, सपाट आवाजात सुरुवात केली.

“नमस्कार. या आठवड्याचे पाहुणे. नदीचा पूल, पांढरा धोबी, बारा. पाहणाऱ्या, नर्सबाई. साखर कारखान्यामागचं तळं, थापट्या बदकं, साधारण साठ. पाहणारे, ट्रकवाले काका.” अशा नऊ नोंदी झाल्या. मग बाईंनी पान उलटलं.

“आता दुरुस्ती. भूमितीसरांनी कळवलेल्या गेल्या तीन वर्षांच्या एकतीस नोंदी त्यांच्याच सांगण्यावरून रद्द केल्या आहेत. त्याआधीच्या तेवीस वर्षांच्या सर्व नोंदी कायम आहेत. मात्र त्यांत पाहणाऱ्याचं नाव चुकीचं वाचलं गेलं. ते असं वाचावं. पाहणाऱ्या, भूमितीसरांच्या पत्नी. त्यांच्या डायरीप्रमाणे, एकवीस वर्षांपूर्वी, याच आठवड्यात, धरणाची उत्तर भिंत, चक्रवाक, चारशे चौदा. सोबत, भूमितीसर. चुकीच्या नावाबद्दल दिलगीर आहोत. पक्षी मोजणाऱ्याचं नाव विचारायचं असतं. ते विचारलं नाही, ही चूक ऑपरेटरची. ही लाइन उद्या दुपारी बंद होत आहे. नमस्कार.”

बाईंनी बटण सोडलं. सुनेने सासूच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि पंखा लावला.

शनिवारी बारा वाजता वायरमन आला. गळ्यात पट्ट्याची पिशवी, कानावर पेन्सिल, घाईत. त्याने भिंतीवरची डबी उघडली, पकड बाहेर काढली आणि यंत्राकडे बघून थबकला. यंत्रावरचा लाल दिवा लागलेला होता.

“बाई, लाइन चालू आहे. कुणीतरी ऐकतंय.”

“सकाळपासून तसंच आहे,” सून म्हणाली. “मी माझ्या मोबाइलवरून आठ वाजल्यापासून लावून बघतेय. एंगेज. दिवा जरा विझतो, की परत लागतो.”

एका वेळी एकच माणूस ऐकू शकेल, अशी ती साधी लाइन होती. वायरमन बाईंकडे बघू लागला. “तोडू का?”

ऑपरेटरबाईंनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बसा जरा,” त्या म्हणाल्या. “त्यांचं होऊ दे.”