पलीकडची मळी

आमच्या शिरोळकडं नदीला कृष्णामाई म्हणायची रीत हाय. मी त्या साली तिला माई म्हणायचं सोडून दिलतं. जिनं माझं रान गिळलं तिला माई म्हणू व्हय? लोक तिला नारळ सोडायचे आन् मी काठावर हुबा राहून शिव्या द्यायचो, अगदी ठेवणीतल्या.

माझा तुकडा तसा एकराचाबी नव्हता. अडतीस गुंठं. आन् त्येच माझ्या डोस्क्यात बसलं. शहात्तर साली आमच्या भागात नवा साखर कारखाना निघाला. सभासद व्हायला एकरभर ऊस पायजे असा त्येंचा नेम. माझा चुलतभाऊ आकाराम एकरवाला, त्यो आत. मी गुंडू अडतीसवाला, मी भाईर. आकाराम सभासदाचा कागद खिशातनं दिसंल असा ठेवून गावभर हिंडायचा. मला राहावतंय व्हय?

नदीच्या कडंला, दरडीवर, माझीच दोन गुंठं पडून हुती. वाळुंजाची अकरा झाडं, करंजाची चार आन् खाली समदा लव्हाळा. आज्याच्या वक्तापासनं त्यात कुणी इळा घातला नव्हता. का, ते कुणी सांगितलं न्हाय आन् मी इचारलं न्हाय. चिमणाबाई, माझी बायकू, एवढंच म्हणाली की तेवढं राहू द्या, दरड त्यानंच धरलीया. मी म्हटलं, तू भाकरी थाप. चार दिवसांत झाडं आडवी केली, बुडख्यासकट उपसून काढली आन् पार काठापतूर सऱ्या सोडल्या. चाळीस गुंठं भरलं. गुंडू सभासद झाला.

पहिल्या साली ऊस असा आला की आत शिरलेला माणूस हुडकाय लागावा. उन्हाळ्यात रान भेगाळाय लागलं तसं मी इंजान लावून पाणी सोडतच राहिलो. त्या पाण्यानं काठ आतनं लोण्यागत झालता, पण मला निस्ता ऊस दिसत हुता.

दुसऱ्या साली पूर आला. चढला तवा काय झालं न्हाय. ऊस गळ्याइतक्या पाण्यात हुबा, आन् मी चावडीवर बसून मिशीला पीळ देतोय. दरड पूर चढताना पडत न्हाय, वसरताना पडती, हे नदीकाठच्या शेंबड्या पोराला ठावं आसतंय. मला मेल्याला आठवलं न्हाय. पाण्याचा टेकू गेला आन् ओल्या मातीचा भार काठाला पेलंना. उसासकट खोलीएवढं ढपलं सुटून पाण्यात पडाय लागलं. तीन दिवसांत एकवीस गुंठं गेली. मी काठावर वराडत हुतो, जसं काय नदी थांबणार हुती.

तलाठ्याकडं गेलो. त्यानं सातबारा काढला. त्यात एकर तसाच. कागदावर तुमचं कायबी गेलेलं न्हाय, म्हणाला. त्येचं मुस्काट फोडावं वाटलं.

दिवाळीच्या तोंडाला पलीकडं बघतो तर नदीच्या वळणाला, आतल्या अंगाला, नवी मळी पडलेली. मळी म्हंजे पुरानं आणून टाकलेला गाळ. काळा, मऊ, खताची चिमूटबी लागत न्हाय. तिकडचा कृष्णात नावाचा गडी त्यात वांगी लावत हुता. माझं टाळकंच सणाकलं. पाटी उचलली, नावंत बसलो आन् पलीकडं उतरून थेट त्येच्या अंगावर गेलो. ही माती माझी हाय म्हटलं, माझा ऊस हिच्यात वाढलाय, तुझ्या बापानं आणलीया काय.

त्यो भांडला आसता तर बरं झालं आसतं. त्यो रोपं खोचत राहिला. मग सावकाश बोलला.

"पावणं, हिच्यात कराडची माती हाय, सांगलीची हाय. तुमची कंची ती दावा आन् घेऊन जावा."

मी काय डोंबल दावणार? पण रिकामा कसा परतू? दोन्ही हातांनी उकरून पाटी शिगंला भरली. रोपं लावणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसाय लागल्या. नाववाला पिराजी येताना पाटीकडंच बघत वल्हं मारत हुता. त्येचाबी मला राग आला.

अलीकडं चिमणाबाई वाट बघत हुबी हुती. पाटी डोक्यावर घेऊन मी दरड चढून आलो. धाप लागलेली, घाम डोळ्यांत. तिनं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आवं, ही कुठं वतायची?"

मी मागं वळून बघितलं. जिथली म्हणून भांडून आणली ती जागाच नव्हती. तितं चार पुरुष खोल पाणी व्हात हुतं. पंधरा झाडांचं दोन गुंठं मोडून मी एकवीस गुंठं घालवली हुती, आन् ते मला त्या दिशी पहिल्यांदा नीट दिसलं. आन् मी काय करावं? मी तिच्यावरच तुटून पडलो. तवा अडवायचं हुतंस, म्हटलं, हातातली कुऱ्हाड काढून घ्यायची हुतीस, कसली बायकू तू. नरड्याच्या शिरा ताणून वराडलो. शेजारच्या रानातली माणसं काम टाकून बघाय लागली.

माझं सपेपतूर ती हुबी राहिली.

"वराडा," ती म्हणाली. "नदीला ऐकू जात न्हाय. मला जातंय."

आन् ती घराकडं चालाय लागली. पाटी माझ्या डोक्यावरच हुती.