मोजलेला मासा

वल्लरीनं मेलेल्या सॅमनच्या पोटात सुरी घातली आणि कल्ल्यापर्यंत एका दमात ओढली. आत नारिंगी अंडी गच्च भरलेली होती.

"लिही. मादी. बासष्ट सेंटिमीटर. अंडी सगळी आत."

बाबानं क्लिपबोर्डवर लिहिलं. तिनं माशाची शेपटी कापली आणि बाकीचा मासा पाण्यात फेकून दिला.

"शेपटी का कापतेस?"

"मोजून झालाय हे कळावं म्हणून. नाहीतर पुढच्या शनिवारी कुणीतरी त्यालाच परत मोजतं."

मेलेल्या सॅमनची ही मोजणी दर शनिवारी ती आणि तिचा मित्र देव स्वयंसेवक म्हणून करायचे. आज देव तापानं पडला होता आणि नदीवर एकट्यानं जायचं नाही असा नियम होता, म्हणून बाबा आला होता. ऑफिसचे बूट घालून. त्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात शाळा सोडायचा फॉर्म होता. ती सतरा वर्षांची, त्यामुळे सही त्याचीच लागत होती. तीन आठवडे तो नुसता 'बघू' म्हणत होता. सकाळी गाडीत तिनं परत विचारलं, तर म्हणाला, आधी फिरून तर येऊ.

सप्टेंबरपासून ती शाळेत गेली नव्हती. घरात त्यावरून जेवढं ओरडायचं तेवढं ओरडून झालं होतं, दारंही आपटून झाली होती. आता तिला काहीच वाटत नव्हतं. पुढचा मासा, टेप, सुरी.

काठावर मॅपलची ओली पानं पडली होती. बाबा घसरला आणि त्याचा बूट एका मेलेल्या सॅमनला लागला. तो चटकन वाकला, माशाला हात लावला आणि तो हात छातीला लावला.

"बाबा, इट्स अ डेड फिश."

"पाय लागला ना," तो म्हणाला आणि बोटं पँटला पुसली.

पुढच्या वळणावर उथळ पाण्यात एक मादी जिवंत होती. शेपटीनं खडी उडवून अंड्यांसाठी खड्डा करत होती. शेपटीचं कातडं झिजून पांढरं पडलं होतं. बाबा थांबून बघत राहिला. त्यानं विचारलं, ही खाते काय? वल्लरीनं सांगितलं, नदीत शिरल्यापासून काहीच नाही. मग त्यानं विचारलं, ही समुद्रात परत कधी जाते? तिनं सांगितलं, जात नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाशिकहून शोभाआत्या, तिकडे रात्र झाली होती. त्याची आई गेल्यावर बाबाला या थोरल्या बहिणीनंच वाढवलं होतं. रोज झोपायच्या आधी तिचा फोन यायचाच. पाण्याच्या आवाजामुळे बाबानं स्पीकर लावला.

"दिगू, कुठे भटकतोयस? आणि आमची वल्ली काय म्हणते? अभ्यास करते ना?"

बाबानं नदीकडे पाठ केली. "मजेत आहे, ताई. तिच्या शाळेचं प्रोजेक्ट आहे, तिच्याबरोबरच आलोय."

वल्लरीनं पुढच्या माशाची शेपटी एवढ्या जोरात कापली की सुरी खालच्या दगडावर आपटली. फोन ठेवून त्यानं क्लिपबोर्ड उचलला. ती आकडे सांगत गेली, तो लिहीत गेला. मग दोघं गाडीकडे परतली.

एकूण एकतीस मासे. तिनं हात धुतले आणि ओल्या हातानंच त्याच्या जॅकेटकडे बोट दाखवलं.

"आता दे. सही कर आणि संपव."

त्यानं फॉर्म काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवला. सही केलेली होती. खाली तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, तिनं फॉर्म घरी आणला त्याच दिवसाची.

"मग दिला का नाहीस?"

"म्हटलं, ताईला आधी सांगू." तो गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला. "तिला विचारल्याशिवाय मी कॉलेजसुद्धा बदललं नव्हतं. रोज ठरवतो. फोन आला की तोंडातून दुसरंच निघतं."

तिला चिडायचं होतं. ती थोडा वेळ वाट बघत राहिली, पण राग आलाच नाही. बाबाचे बूट चिखलानं भरले होते आणि एका बुटाला माशाचा खवला चिकटला होता.

तिनं फॉर्मची घडी घालून परत त्याच्या खिशात ठेवली. त्याच्या हातातला फोन घेतला आणि सगळ्यात वरच्या नंबरवर अंगठा दाबला.

"अगं, थांब. ती झोपली असेल."

पलीकडे दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"काय रे दिगू? झालं का प्रोजेक्ट?"

"आत्या, मी वल्लरी," ती म्हणाली. "प्रोजेक्ट नव्हतं ते."