पैलवानाचं बाळंतपण

पैलवानानं सलग तिसऱ्या दिवशी खाण्याला तोंड लावलं नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाचं धाबं दणाणलं असतं. पण घरात होती सिस्टर. एकतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेली बाई. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. बाहेर येरझाऱ्या घालणारे भलेभले नवरे हिच्या एका नजरेनं गपचूप बाकड्यावर बसायचे. मासा जेवत नाही म्हणून हातपाय गाळणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

हो, पैलवान म्हणजे मासा, हे आधी सांगून टाकायला हवं. ऑस्कर जातीचा, फूटभर लांब, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे, जाड ओठ, आणि नजर अशी, की येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेतोय. बैठकीच्या खोलीत भिंतभर सहा फुटी टाकी आणि त्यात हा एकटा मालक. दुसरा मासा आत सोडला की संध्याकाळपर्यंत त्याच्या परांच्या चिंध्या. शेवटी कुणी सोडायच्या भानगडीतच पडेना.

त्याला आणलं होतं सिस्टरच्या यजमानांनी. ते बोटीवर चीफ इंजिनीअर, म्हणून सगळ्यांचे चीफ. अंगठ्याएवढं पिल्लू आणून सहा वर्षं त्यांनी ते वाढवलं. बोटीवरून घरी आले की बायकोच्या आधी टाकीपाशी. हातानं कोळंबी भरवायचे आणि पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे, "मर्द आहे मर्द! रुबाब बघा!" सिस्टर स्वयंपाकघरातून ओरडायची, "मर्द आहे ना, मग स्वतःची टाकी स्वतः धुऊ दे की!" सवत बाई असते असं ऐकलं होतं, आपल्या नशिबी मासा आला, असंही ती म्हणायची.

या खेपेला निघताना चीफनी फ्रीजच्या दारावर दोन पानी सूचना चिकटवल्या आणि उंबऱ्यात थांबून म्हणाले, "याला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस." हसत म्हणाले खरे, पण निम्मंच हसत. सिस्टरला ते निम्मं बरोबर कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर पाच महिन्यांत तिचाही त्या माशात जीव गुंतला होता. सकाळी ती चहा घेऊन बसली की तो काचेला नाक लावून तिच्यासमोर उभा राहायचा. घरात दुसरं होतं कोण? दोन्ही मुलं आपापल्या संसारात. त्यामुळे पैलवान गेला असता तर नुसते यजमान दुखावले नसते, तिचीही सकाळ ओस पडली असती.

तर तिसरा दिवस. न खाणं एकवेळ ठीक, पण बाकीची लक्षणंही धड नव्हती. तळाची खडी तोंडानं उचलून कोपऱ्यात ढीग लावलेला. मागच्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर तोंड घासणं सारखं चालूच. साफसफाईला हात घातला तर कडाडून चावला, इतका की मनगटावर लाल ओरखडे. आणि पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे, काहीतरी छोटंसं बाहेर डोकावत होतं.

फोनवर चीफना ते दाखवलं मात्र, पलीकडून किंकाळीच आली. "आतडं! अगं, आतडं बाहेर आलंय त्याचं! थांब, मी टाकीवाल्याला पाठवतो!"

टाकीवाला म्हणजे मासे विकणारा. एकोणीस वर्षांचा धंदा. अर्ध्या तासात तो जाळी, झाकणाची मोठी बादली आणि औषधाची बाटली घेऊन हजर. काचेला डोळा लावला, चुकचुकला, आणि निकाल देऊन मोकळा झाला. "वहिनी, आतडंच उतरलंय. दुकानात नेतो, छोट्या टाकीत ठेवतो, औषध देतो. आठ दिवस उपाशी. नाहीतर परवापर्यंत आडवा होईल."

"ने, ने!" टेबलावर टेकवलेल्या फोनमधून चीफ ओरडले.

"जरा थांबा," सिस्टर म्हणाली.

तिनं चष्मा लावला, टॉर्च घेतली, पाट ओढला आणि टाकीसमोर बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टाकीवाला बादलीवर ताल धरू लागला. फोनमधून चीफ "काय चाललंय? काय करतेस?" करत होते. बोटीवरून मासे हाकायची त्यांना भारी हौस. सिस्टरनं लक्षच दिलं नाही.

उतरलेलं आतडं तिनं पाहिलं होतं, एकदा नाही, दहादा. ते लालभडक असतं, सुजलेलं असतं, बघूनच कळतं की हे आतलं बाहेर आलंय. हे तसं नव्हतं. फिकट रंगाची, बोथट टोकाची जाडसर नळी होती, आणि ती जरा बाहेर यायची, जरा आत जायची. आणि हे दगड घासणं, खडी सारणं, जवळ येईल त्याच्यावर खेकसणं? नऊ महिने उलटलेल्या किती बायका तिनं पाहिल्या होत्या, आदल्या दिवशी खाटेखालची फरशी पुसत बसणाऱ्या! एकीनं तर वॉर्डातल्या सगळ्या उशांचे अभ्रे काढून दोरीवर वाळत घातले होते.

सिस्टर गुडघ्यावर हात टेकत उठली. "याला काही झालेलं नाही. मुळात हा 'हा' नाहीच. ही बाई आहे, आणि हिचे दिवस भरलेत."

टाकीवाल्याला हसू आवरेना. फोनमधून मात्र भडका उडाला. "तुला बाळंतपणाशिवाय दुसरं काही दिसतं का? उद्या फ्रीजलाही दिवस गेलेत म्हणशील!"

"फ्रीज दगड घासायला लागला तर बघेन."

"अहो पण वहिनी," टाकीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "सहा वर्षं एकटा आहे तो. नर नाही, काही नाही. अंडी येतील कुठनं?"

"कोंबडी कोंबड्यावाचून अंडी घालत नाही?"

घालते, हे टाकीवाल्यालाही माहीत होतं. पण एकोणीस वर्षांचा अनुभव एका कोंबडीपुढे हार मानायला तयार नव्हता. "मासा मेला तर माझ्या नावानं खडे फोडू नका."

"हिला आत्ता जाळीत धरून बादलीत कोंबलंत, तर मात्र नक्की मरेल. आणि मेलीच इथे, तर माझ्या हट्टापायी मेली म्हणून गावभर सांगा." हे ती टाकीवाल्याकडे बघत म्हणाली, पण ऐकवलं फोनला. "उद्या संध्याकाळपर्यंत या टाकीत कुणी हात घालायचा नाही."

तो स्वर वॉर्डातला होता. टाकीवाल्यानं बादली उचलली. चीफनी फोन ठेवला. आपलं चुकलं तर हा माणूस उरलेलं आयुष्य ऐकवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं. दुसऱ्याच्या घाबरण्यानं आपलं निदान बदलायचं नसतं, एवढं ती एकतीस वर्षांत शिकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सिस्टर भाजी निवडत असताना, पैलवान ग्रॅनाइटवर आडवी झाली. पोट दगडाला टेकवून हळूहळू पुढे सरकली, आणि मागे राहिली मोहरीएवढ्या अंड्यांची एक ओळ. वळली, परत आली, दुसरी ओळ. मग तिसरी. सिस्टरच्या हातातली शेंग हातातच राहिली. "शाब्बास गं माझी बाई," ती काचेला म्हणाली, "हळू, घाई नाही." तास-दीड तास ती तिथून हलली नाही. दगडावर हजारभर अंडी तरी असतील.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिनं फोन काचेसमोर धरला. चीफनी फोन डोळ्यांपाशी नेऊन ओळी मोजल्या. "सहा वर्षं," म्हणाले, "सहा वर्षं मी हिला मर्द मर्द म्हणत होतो."

"हिनं मनावर घेतलं नाही, नशीब तुमचं."

टाकीवालाही आला, काचेपुढे हात जोडले आणि "मानलं वहिनी" म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस, चूक कबूल करायला लाजला नाही. पण लगेच त्यानं पिशवीतून पाण्याची नळी काढली. "आता ही अंडी ओढून घेतो. फळायची नाहीत. दोन दिवसांत कुजतील, पाणी बिघडेल, आणि मग मासा खरंच जाईल."

"बरोबर बोलतोय तो," चीफ म्हणाले. "लगेच काढ."

बोलणं खरंच बरोबर होतं. सिस्टरनं झाकण उघडलं आणि त्याच्या हातची नळी घेऊन आत सोडली. पैलवान अंड्यांवर परांनी वारा घालत होती. नळी पाण्यात आल्याबरोबर ती दगड आणि नळीच्या मध्ये येऊन उभी राहिली. या वेळी चावली नाही. नुसती उभी राहिली आणि बघत राहिली.

आणि सिस्टरचा हात थांबला.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका बाईला मूल झालं, पण ते रडलंच नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, गुंडाळ आणि ने, दाखवू नकोस, लवकर विसरेल. हिनं ते याच हातांनी गुंडाळलं आणि नेलं. संध्याकाळी त्या बाईला दुसऱ्या वॉर्डात हलवलं, कारण खाट हवी होती, आणि मूल नाही तर बाळंतिणींच्या वॉर्डात काम काय? जाताना बाईनं हिचा हात धरून विचारलं, "मुलगा होता की मुलगी?" हिला माहीत होतं. पण ही म्हणाली, "झोपा आता." पुढे स्वतः वॉर्डाची प्रमुख झाल्यावर तिनं कुठल्याही आईला न दाखवता मूल हलवू दिलं नाही. पण त्या एकीला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. त्या गोष्टीची लाज तिला आजही वाटायची.

"नळी गुंडाळा," सिस्टर म्हणाली.

"वहिनी, पाणी..."

"पाणी मी बघते. अंडी तिची आहेत. ठेवायची की टाकायची ते ती ठरवेल."

मग सुरू झाली ड्यूटी. आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवलेलं पाणी, त्यात थोडं गरम, आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीसारखं कोपर बुडवून अंदाज. सकाळी चौथा हिस्सा पाणी बदलायचं, संध्याकाळी पुन्हा चौथा हिस्सा. बाटलीतले थेंब टाकून पाणी तपासायचं. दुसऱ्या दिवशी तपासणीचा पिवळा रंग हिरवट झाला, म्हणजे पाणी बिघडायला लागलं. सिस्टरनं आणखी सहा बादल्या ओतल्या. कंबर बोलायला लागली, तिला सांगितलं, गप बस. अंडी पांढरी पडली, मग त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरली. पैलवान वारा घालतच होती. चीफ दिवसातून दोनदा फोन करायचे, आकडे विचारायचे, आणि सूचना मात्र एकही द्यायचे नाहीत. हे त्यांच्या हिशेबानं फारच होतं.

चौथ्या सकाळी चहा घेऊन सिस्टर बसली, तेव्हा पैलवान दगडापाशी स्थिर उभी होती. मग तिनं वाकून अंडी उचलायला सुरुवात केली, एकेक घास करत, अजिबात घाई न करता. तासाभरात दगड स्वच्छ. मग पुढे आली, काचेला नाक लावलं, आणि सिस्टरच्या बोटांतून कोळंबी घेतली, तेही ओरखडा न काढता.

"खाल्ली?" चीफ हादरले. "स्वतःचीच?"

"खाल्ली काय म्हणता! आवरून घेतलं तिनं. तिचं तिनं बघितलं, तिचं तिनं ठरवलं." आणि मग, का कोण जाणे, सिस्टरनं त्यांना त्या बाईची गोष्ट सांगितली. खाटेची, हात धरल्याची, झोपा म्हटल्याची. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्यांना कधी सांगितली नव्हती. ऐकून झाल्यावरही चीफनी फोन ठेवला नाही. मध्ये टाकीच्या पंपाची घरघर चालू राहिली.

संध्याकाळी टाकीवाला आला तो घामाघूम. हातात भलीमोठी पाण्याची पिशवी, तिच्यात तेवढाच दांडगा ऑस्कर. "पक्का नर, वहिनी! या वेळी खात्री करून आणलाय. आजच सोडू, आता खरी पिल्लं बघा!" सिस्टर काही बोलणार, तोवर त्यानं उत्साहात चीफनाच फोन लावला आणि पिशवी दाखवली.

"परत ने," चीफ म्हणाले.

"अहो चीफ, असला नर पुन्हा..."

"पुढं बघू. आत्ता घरात बाळंतीण आहे."

टाकीवाला हसला. "कसली बाळंतीण? एक पिल्लू तरी निघालं का?"

"मूल राहिलं नाही, म्हणून काय बाई बाळंतीण नसते होय रे?" चीफचा आवाज चढला. "महिनाभर तिला कुणी हात लावायचा नाही. सिस्टर सांगतील तेव्हा ये."

सिस्टरचे डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवलेही नाहीत. टाकीवाल्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, पिशवी सांभाळून छातीशी धरली आणि पायांत चपला सरकवल्या.